एनबीएम, बीडी, एसओएस : केस पेपर वाचायचा कसा?

हा भाग ऐकल्यावर बऱ्याच जणांनी मेसेज केला, "हे लिहून टाक ना, हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहून ऑडिओ कोण ऐकणार?" मुद्दा बरोबर आहे. म्हणून हे लिखित रूप. बोलताना मी भरकटतो ते थोडं कापलंय, सगळं कापलेलं नाही.

सुरुवात माझ्या गाढवपणापासून करतो. चार वर्षांपूर्वी काकांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, परळच्या एका हॉस्पिटलात. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, माझी होती. घरात मी बीटेक, म्हणजे "शिकलेला", म्हणून फाइल माझ्या हातात आणि रात्रीची ड्युटीही माझीच. संध्याकाळी रेसिडेंट डॉक्टर येऊन घाईत म्हणाले, "उद्या पहिली केस, एनबीएम ठेवा." सिस्टरनी कॉटला एक पुठ्ठा अडकवला, त्यावर स्केचपेनने तीच तीन अक्षरं. मला वाटलं वॉर्डाचा काहीतरी कोड असेल. विचारलं नाही. शेजारच्या कॉटवरच्या आजोबांच्या मुलाला मी तासाभरापूर्वीच त्याच्या फोनचं स्टोरेज कसं रिकामं करायचं ते शिकवलं होतं, त्याच्यासमोर आता "एनबीएम म्हणजे काय हो?" असं कुठे विचारू!

सकाळी सहाला काका म्हणाले, "बाळा, घोटभर चहा मिळेल का रे?" मी खाली जाऊन टपरीवरून चहा आणला, सोबत दोन खारी. आठ वाजता सिस्टर आल्या. "काही दिलं नाही ना?" मी म्हटलं, "नाही, नाही. फक्त चहा आणि खारी." त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. भूलतज्ज्ञ आले, त्यांनी किती वाजता दिलं ते विचारलं, पेपरवर काहीतरी लिहिलं आणि निघून गेले. केस रद्द. पुढचा नंबर सहा दिवसांनी. संगमेश्वरहून खास आलेली आत्या परत गेली, काकांची रजा वाया गेली, दुखणं मात्र तसंच राहिलं. काका एवढंच म्हणाले, "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना?"

एनबीएम म्हणजे निल बाय माउथ. तोंडाने काहीही द्यायचं नाही. हे इतकं कडक का असतं? भूल दिली की घशाची नेहमीची राखण झोपते. एरवी पाणी श्वासनलिकेत गेलं की आपल्याला ठसका लागतो, तो ठसकाच येत नाही. पोटात काही असेल तर ते वर येऊन थेट फुप्फुसात जाऊ शकतं, आणि त्यातून जीवावर बेतू शकतं. भूलतज्ज्ञांचा जगभर वापरला जाणारा हिशेब असा: साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालू शकतं, दूध किंवा हलकं खाणं सहा तास आधी बंद, तळकट-मटण असेल तर आठ तास किंवा जास्त. आपला चहा पाण्यात मोजला जात नाही, कारण त्यात दूध असतं. आणि खारी म्हणजे तर मैदा आणि तूपच. अर्थात तुमच्या पेशंटला किती वाजल्यापासून बंद, पाण्यासकट की पाणी सोडून, हे त्याचे डॉक्टरच सांगणार. सकाळची साखरेची किंवा बीपीची गोळी द्यायची की नाही, हेसुद्धा वेगळं विचारायचं असतं. "काही देऊ नका" यात गोळी येते की नाही, हे आपण ठरवायचं नाही.

त्या सहा दिवसांत मी काकांची पूर्ण फाइल वाचायला बसलो. तेव्हा कळलं की ही फाइल माझ्यासाठी लिहिलेलीच नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले कोडमध्ये जे शॉर्टफॉर्म मारतो ते टीममधल्या दुसऱ्या माणसासाठी असतात, ॲप वापरणाऱ्यासाठी नसतात. इथे तेच आहे. रेसिडेंट लिहितो तो पुढच्या पाळीच्या रेसिडेंटसाठी आणि सिस्टरसाठी. समोर वॉर्डभर पेशंट असताना तो "रुग्णास मागील दहा वर्षांपासून मधुमेह आहे" असं लिहीत बसला, तर शेवटच्या कॉटपर्यंत पोचायला त्याला दुपार होईल. म्हणून "के/सी/ओ डीएम". नोन केस ऑफ डायबेटिस मेलिटस. विषय संपला.

गोची कुठे होते, तर तोच कागद डिस्चार्जच्या दिवशी आपल्या हातात येतो. परळमध्ये तर बघायलाच नको. एका बाजूला 1926 पासूनचं केईएम, जवळच 1941 साली सुरू झालेलं टाटा मेमोरियल, वाडियाची दोन हॉस्पिटलं. टाटाच्या बाहेर फुटपाथवर फाइल छातीशी धरून बसलेली माणसं विदर्भातून आलेली असतात, तशीच बिहारमधून आणि बंगालमधूनही. कागद इंग्रजी, त्यातले शब्द अर्धवट, आणि निम्मे तर इंग्रजीसुद्धा नाहीत. लॅटिन आहेत!

हो, लॅटिन. ओडी, बीडी, टीडीएस ही सगळी युरोपातल्या जुन्या वैद्यांची भाषा आहे. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा. आमचे आजोबा गिरणीत होते आणि त्यांना धूम्रपान बंद करायला सांगितलं होतं. मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचून "ही गोळी बीडी आहे" म्हटल्यावर ते केवढे खूश झाले होते, हा आमच्या घरातला अजरामर विनोद आहे. टीडीएस माझ्या पिढीला फक्त सॅलरी स्लिपवर माहीत. एचएस म्हणजे झोपताना. एसी म्हणजे जेवणाआधी आणि पीसी म्हणजे जेवणानंतर, वातानुकूलन आणि कॉम्प्युटरशी काही संबंध नाही. स्टॅट म्हणजे आत्ताच्या आत्ता. वरच्या कोपऱ्यातलं ते आरएक्स म्हणजे "घ्या", लॅटिनमधली सरळ आज्ञा.

यात सगळ्यात फसवा आहे एसओएस. सिनेमे बघून आपल्याला वाटतं बुडत्या जहाजाचा संदेश, म्हणजे अगदी जीव जायची वेळ आली तरच ही गोळी. आईने एकदा दाढ काढल्यावर दिलेली वेदनाशामक गोळी अशीच रात्रभर घेतली नाही. "एसओएस लिहिलंय, एवढं काही झालेलं नाही मला," असं म्हणत कळा सोसत बसली. चिठ्ठीवरचं एसओएस म्हणजे लॅटिन "सी ओपुस सिट", गरज पडल्यास. दुखलं तर घ्या, नाही दुखलं तर नका घेऊ. मात्र याची दुसरी बाजूही विचारायची असते: दोन गोळ्यांमध्ये कमीत कमी किती तास हवेत, आणि दिवसात जास्तीत जास्त किती चालतील? गरज पडली म्हणून तासातासाला घेणारेही आपल्याच घरात असतात.

आपल्याकडे डॉक्टर बऱ्याचदा 1-0-1 असंही लिहितात. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. मला ही पद्धत सगळ्यात आवडते, कारण लॅटिन न येणाऱ्याला आणि इंग्रजी न येणाऱ्यालाही ती समजते. फक्त माझ्यासारख्यांचा घोळ होतो. बायनरीत 101 म्हणजे पाच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सेकंदभर माझं डोकं "पाच गोळ्या?" असं म्हणालं होतं.

आता थोडा गंभीर भाग. एकाच शॉर्टफॉर्मचे अनेक अर्थ असतात आणि कुठला लागू होतो ते कागदाची जागा ठरवते. ओडी म्हणजे दिवसातून एकदा म्हटलं ना? डोळ्यांच्या डॉक्टरांच्या भाषेत ओडी म्हणजे उजवा डोळा, ऑक्युलस डेक्स्टर. आपल्याकडे बरेच जण आरई, एलई असं लिहितात, राइट आय आणि लेफ्ट आय. पण परदेशातून आलेल्या मामाच्या फाइलवर ओडी असलं तर "थेंब दिवसातून एकदा" असा अर्थ काढून चुकीच्या डोळ्यात टाकाल. एमएस घ्या. डॉक्टरांच्या पाटीवर ती डिग्री, हृदयाच्या कागदावर ती आकसलेली झडप, मेंदूच्या कागदावर एक वेगळाच आजार, आणि औषधांच्या चार्टवर मॉर्फिन सल्फेट. पीए म्हणजे मंत्रीसाहेबांचे स्वीय सहायक नव्हेत, ती पोटाची तपासणी. आणि एमएलसी? तो ठप्पा बघून माझा एक मित्र "आमदार कोण आलेत?" म्हणाला होता. हॉस्पिटलात एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस. अपघात, मारामारी, भाजणं, विषबाधा अशा वेळी पोलिसांना कळवणं आलं. तुमच्यावर गुन्हा दाखल झाला असा त्याचा अर्थ नाही, घाबरू नका.

म्हणूनच नुसता शॉर्टफॉर्म गूगलमध्ये किंवा एआयला टाकला की गंमत होते. त्याला तीन अक्षरं दिसतात. कागद कुठल्या ओपीडीचा आहे, शेजारी काय लिहिलंय, ते दिसत नाही. रात्री दोन वाजता आईच्या रिपोर्टवरची दोन अक्षरं शोधून तुम्ही भलत्याच आजाराच्या पानावर पोचता आणि सकाळपर्यंत झोपत नाही. मी केलंय हे. अक्षरं होती एनएडी, आणि मी कुठल्या तरी विटामिनच्या भानगडीत शिरलो होतो. अर्थ होता, "तपासणीत काही दोष आढळला नाही." म्हणजे सगळ्यात चांगली बातमी मी सगळ्यात वाईट रीतीने वाचली.

आकड्यांचं तर आणखी कठीण. अमेरिकेत जॉइंट कमिशन नावाची संस्था हॉस्पिटलांना मान्यता देते. तिने 2004 मध्ये "हे लिहायचंच नाही" अशी एक यादी लागू केली. त्यात "युनिट"साठी नुसतं यू लिहायला बंदी आहे, कारण घाईत काढलेला यू शून्यासारखा दिसतो, आणि 10 युनिट इन्शुलिनचं 100 होतं. 1.0 असं लिहायचं नाही, टिंब पुसट झालं की दहा. नुसतं .5 लिहायचं नाही, टिंब गेलं की पाच. रोज एकदा यासाठी क्यूडी लिहायचं नाही, कारण मधलं टिंब आयसारखं दिसलं की क्यूआयडी, म्हणजे एकदाचं चारदा. कोड रिव्ह्यू करणाऱ्या कुणालाही ही यादी पाहून गहिवरून येईल. मंगळाकडे गेलेलं नासाचं एक यान 1999 मध्ये एककांच्या घोळापायी गेलं, हे आम्हाला कॉलेजात सांगतात. घरच्या फ्रिजमधल्या इन्शुलिनबद्दल मात्र कुणी सांगत नाही.

ते मी सांगतो, कारण ते आपल्याकडे खरंच लागतं. भारतात इन्शुलिनच्या बऱ्याच बाटल्या एका मिलीलिटरला 40 युनिटच्या असतात आणि पेनमधलं इन्शुलिन साधारणपणे 100 युनिटचं. सिरिंजही तशाच दोन: 40वाली बहुधा लाल टोपणाची, 100वाली केशरी. 100चं इन्शुलिन 40च्या सिरिंजमध्ये "10" च्या रेघेपर्यंत भरलं तर आजीच्या अंगात 25 युनिट जातात. अडीच पट! साखर धाडकन खाली. म्हणून मेडिकलमधून आणताना बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे काउंटरवरच बघा. असंच थायरॉइडच्या गोळीचं. ती मायक्रोग्रॅममध्ये असते, मिलिग्रॅममध्ये नाही, आणि दोघांत हजार पटींचा फरक. संधिवाताला दिली जाणारी मेथोट्रेक्सेट, चिठ्ठीवर एमटीएक्स, ही तर आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत. घरात कुणाला ती चालू असेल तर कुठल्या वारी घ्यायची, ते कॅलेंडरवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा. महालक्ष्मी कॅलेंडर त्यासाठीच आहे, नुसतं दुधाचा हिशेब लिहायला नाही.

आता एक गोष्ट, जी मी मूळ भागात सांगताना जरा अडखळलो होतो. लालबागच्या आमच्या चाळीत, मी आठवीत असताना, शेजारचे काका महिनाभर खोकत होते. तपासण्या झाल्या. घरी आल्यावर काकू सगळ्यांना सांगत सुटल्या, "टीबी नाही हो, कॉक्स निघालं." अख्ख्या मजल्याने सुटकेचा निःश्वास टाकला. गिरणगावात टीबीची दहशत जुनी. सूत, धूळ, दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं. कॉक्स म्हणजे काहीतरी साधं असणार, असं सगळ्यांनीच धरलं. गोळ्या चालू झाल्या, चिठ्ठीवर त्यांचं नाव एकेटी. दोन महिन्यांत खोकला गेला, वजन वाढलं आणि काकांनी गोळ्या बंद केल्या. साधंच तर होतं.

कॉक्स म्हणजे टीबीच. 1882 मध्ये ज्यांनी क्षयाचा जंतू शोधला ते रॉबर्ट कॉक, त्यांच्या नावावरून. एकेटी म्हणजे अँटी-कॉक्स ट्रीटमेंट. साध्या टीबीला आधी दोन महिने चार औषधं आणि मग पुढचे चार महिने, असे निदान सहा महिने उपचार लागतात. खोकला थांबतो तेव्हा जंतू संपलेले नसतात. मध्येच सोडलं तर उरलेले जंतू औषधांना दाद देईनासे होऊ शकतात. काकांचा आजार वर्षभरात उलटला, शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात भरती व्हावं लागलं, आणि दुसऱ्या खेपेला औषधं कितीतरी जास्त आणि कितीतरी लांब चालली. ते वाचले. पण त्यांच्या धाकट्या मुलीलाही लागण झाली होती.

मी यावर बरेच दिवस विचार केलाय. डॉक्टरांनी "कॉक्स" हा शब्द वाईट हेतूने वापरला नव्हता. उलट टीबी म्हटलं की शेजारी पाणी बंद करतात, मुलीचं लग्न अडतं, म्हणून बाहेर बसलेल्या माणसांच्या कानावर तो शब्द पडू नये, अशी ती सोय असते. कॅन्सरसाठी नुसतं "सीए" लिहितात, काही वेळा "मायटॉटिक" म्हणतात, तेही तसंच. एचआयव्हीसाठी "आरव्हीडी". चारचौघांत ही झाकली मूठ ठीक आहे. पण पेशंटसमोर ती उघडलीच पाहिजे. ज्याला सहा महिने गोळ्या गिळायच्या आहेत, त्याला कशासाठी गिळतोय हे त्याच्या भाषेत माहीत हवं. सांगणाऱ्याला वाटलं मी सांगितलं, ऐकणाऱ्याला वाटलं मला कळलं, आणि मध्ये एक शब्द दोघांना फसवून गेला.

कायदा काय म्हणतो? डॉक्टरांच्या आचारसंहितेत 2016 मध्ये दुरुस्ती झाली: औषधं जेनेरिक नावाने, वाचता येईल अशी, आणि शक्यतो इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहावीत. त्याच 2002 च्या नियमांनुसार तुम्ही तुमच्या उपचारांचे कागद मागितले तर 72 तासांत द्यायला हवेत. 2025 मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात एका जामिनाच्या प्रकरणात वैद्यकीय अहवालच न्यायाधीशांना वाचता येईना, तेव्हा न्यायालयाने म्हटलं की वाचता येण्याजोगी चिठ्ठी हा आरोग्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. छान आहे. पण सुवाच्य बीडी हीसुद्धा बीडीच. टाइप केलेल्या डिस्चार्ज कार्डावर मला "टीडीएस पीसी बाय पाच डी" अगदी स्वच्छ अक्षरात मिळालंय. तिथे अक्षराचा प्रश्नच नव्हता.

मग मी आता काय करतो? डिस्चार्जच्या वेळी सिस्टर किंवा डॉक्टरांना एवढंच म्हणतो, "मी समजलो ते सांगतो, चुकलं तर थांबवा." आणि प्रत्येक गोळीचं मराठीत बोलून दाखवतो: ही कशासाठी, कधी, जेवणाआधी की नंतर, किती दिवस. माझा अनुभव असा की "समजावून सांगा" म्हटलं की लोक घाईत असतात, पण आपण चुकीचं बोललो की ताबडतोब दुरुस्त करतात. मग स्ट्रिपवरच मार्करने "सकाळ" किंवा "रात्र" लिहितो, पण एक्स्पायरीची तारीख झाकून नाही. कागदाचा फोटो काढून ठेवतो. तो फोटो चाळीस जणांच्या फॅमिली ग्रुपवर मात्र टाकत नाही. तिथे एक मावसकाका आहेत, ते सगळ्या आजारांवर गोमूत्र सांगतात.

आणि एक कागद कधीही न समजता सही करू नका, तो म्हणजे डामा किंवा लामा. डॉक्टरांचा सल्ला नसताना आपल्या जबाबदारीवर पेशंटला नेतोय, असं तुम्ही लिहून देता. पैशांची अडचण असेल, दुसरीकडे हलवायचं असेल, तर तसं बोला आणि नेण्यातला धोका काय ते आधी विचारून घ्या. रात्री अकरा वाजता "इथे सही करा" म्हटलं म्हणून करू नका.

सहा दिवसांनी काकांचा नंबर परत लागला. या वेळी मी सिस्टरना गाठून सगळं विचारलं, बाजूच्या दुकानातून पुठ्ठा आणला आणि त्यावर लिहिलं: "रात्री 12 नंतर काहीही नाही. पाणी नाही, चहा नाही, खारी नाही." सकाळी सहाला काकांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कूस बदलून झोपले. साडेनऊला त्यांना आत नेलं. शेजारच्या कॉटवर तोवर नवा पेशंट आला होता, त्याच्या बायकोने मला विचारलं, "दादा, तो पुठ्ठा आता तुम्हाला लागणार नाही ना? उद्या यांचा नंबर आहे."

पुढच्या भागात रक्ताचा रिपोर्ट घेऊ: सीबीसी, ईएसआर, आणि आकड्यासमोर छापलेला तो छोटा बाण. तुमच्या घरच्या कागदावर अडलेला एखादा शॉर्टफॉर्म असेल तर पाठवा, पण पेशंटचं नाव आणि नंबर झाकून.